वरची पट्टी

६ ऑक्टोबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर मधलीचं आहे. माझं दिसलं असतं तर तू पाकीट उघडलंच नसतंस, म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. "मावशीला आत्ताच का?" तिने विचारलं. मी म्हटलं, सहज. तर पेनाला टोपण लावता लावता तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मला तूच आठवलीस. सोळा वर्षांची झालीय आता. बोलते कमी, बघते जास्त.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मीही उचलला नसता. दोन वर्षं झाली. त्या दिवशी जे झालं ते झालं, तुला ह्यांचा स्वभाव माहीत आहे, तो विषय आता नको.

आम्ही दौऱ्यावर आहोत. पोस्टर तुझ्या शाळेच्या रस्त्यावरही लागलं असेल. पहिल्यांदाच देशभर, बारा शहरं, सहा आठवडे. ह्यांनी स्पीकर दुरुस्तीचं दुकान बंद करून साउंडचं सगळं अंगावर घेतलंय. थोरला कीबोर्डवर, मधली गिटारवर आणि दोघांच्या मध्ये आपली धाकटी. अकरा वर्षांची पोर, माइक तिच्या तोंडाएवढा. मी कपडे शिवते, इस्त्री करते, केस विंचरते आणि स्टेजच्या बाजूला काळ्या पडद्याआड पाण्याची बाटली घेऊन उभी राहते. काल दुसऱ्या शहरात हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक धाकटीचं नाव घेऊन ओरडत होते. मला रडू आलं, आणि ते आनंदाचंच होतं.

विचारायचं एवढंच होतं. गाण्याआधी ओठ फडफडवत आवाज काढायचा तो व्यायाम तू शिकवायचीस, तो नेमका कसा? किती वेळ करायचा? सहा वर्षं तू ह्या तिघांना शिकवलंस आणि मी शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालवत बसले, कान देऊन ऐकलं नाही. धाकटीचा घसा जरासा धरलाय. प्रवास, एसी, दुसरं काही नाही. निघालो तेव्हा ठणठणीत होता.

पुढच्या हॉटेलांचे पत्ते मागे लिहिलेत. दोन ओळी पाठव. एक पाठवलीस तरी चालेल.

तुझी बहीण, अजून मानत असशील तर


११ ऑक्टोबर

ताई,

टपालाला वेळ लागतो, मला कळतं. तरी इथे उतरल्यापासून रिसेप्शनवरच्या बाईला चार वेळा विचारून झालं. पाचव्यांदा तिने मला लांबूनच बघून मान हलवली.

काल तिसरा कार्यक्रम झाला. ज्या गाण्याने पोरं घराघरांत पोहोचली ते गाणं सगळ्यात शेवटी असतं. त्यातला शेवटचा लांब सूर तुला माहीतच आहे, त्याच्यावरूनच तर सगळं झालं. काल तो सूर मध्येच चिरला. फाटक्या कापडासारखा टर्र आवाज आला. लोकांना वाटलं मुद्दाम थांबली, त्यांनीच तो पुढे उचलून धरला आणि हॉल दणाणून गेला. धाकटी हसत हात हलवत राहिली. पडद्याआड आली तेव्हा तिचे दात वाजत होते.

"आई, लोकांना कळलं का?"

"छे गं. कुणाला कळतंय!"

थोरल्याने आज सकाळी तालमीत कोणाला न विचारता गाणं काळी पाचवरून काळी तीनवर उतरवलं. तिला बरं वाटलं, लगेच दिसलं चेहऱ्यावर. पण ह्यांच्या कानातून काही सुटत नाही. "रेडिओवर, मोबाइलवर लोकांनी ज्या पट्टीत ऐकलंय त्याच पट्टीत ऐकायला आलेत ते," म्हणाले. थोरला म्हणाला, "तिचा घसा बसलाय, बाबा." तर माझ्याकडे बघून विचारलं, "बसलाय का?" मी म्हटलं, "थोडा. डॉक्टरना दाखवलंय." झालं, गाणं परत वर गेलं.

डॉक्टरना खरंच दाखवलं, आठ तारखेला. हॉटेलच्या मागच्या गल्लीतले आहेत. तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, सूज उतरवायच्या. कडू आहेत म्हणून मी केळ्यात घालून देते.

ताई, तू ह्यांना एक फोन कर. माझं नाव घेऊ नकोस, आपणहून केल्यासारखा कर. म्हण, चार कार्यक्रम पुढे ढकला. तुझ्यापुढे ते वर तोंड करून बोलत नाहीत. मी काही बोलायला गेले की सगळं आपलंच खरं करतात. माझं ह्या घरात कोण ऐकतं?

वाट बघते.


१७ ऑक्टोबर, बसमध्ये

अक्षर हलतंय, समजून घे.

काल चौथं शहर झालं आणि काय सांगू! धाकटी अशी गायली की ह्यांनी सुद्धा कन्सोलवरून हात काढून टाळ्या वाजवल्या. शेवटचा सूर तिने धरला तो सोडेचना. मी मनात आकडे मोजत होते, चौदापर्यंत गेले. तिसऱ्या रांगेतली एक आजीबाई उभी राहून डोळे पुसत होती. तू असतीस तर तूही उभी राहिली असतीस.

तेव्हा सगळं ठीक आहे. त्या दोन पत्रांत मी उगाच घाबरून लिहिलं. गोळ्या लागू पडल्या. चालू आहेत अजून. भूक तर अशी लागलीय पोरीला की बघत राहावं. सकाळी दहा पाव खाल्ले आणि थोरल्याच्या ताटातला अकरावा उचलला. काल तिच्या ड्रेसची शिवण दोन्ही बाजूंनी उसवून बोटभर सैल केली. झोपत मात्र नाही. पहाटे उठून खिडकीशी बसते आणि बडबड करते, किंवा उगाच रडते. एवढं कौतुक लहान जिवाला पेलत नाही, त्याचंच असणार.

मधली माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या वयाचं ते.

तुझं पत्र पाचव्या शहरात येईल असं धरून चाललेय. पुढचा कार्यक्रम बावीसला. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल म्हणा, आता तसं काही काम उरलेलं नाही.


२० ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात खोटं लिहिलंय. आधीच्यांतही.

मधलीला माझ्या शिवणाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. बटण हवं होतं तिला. पाकिटं घेऊन न्हाणीघरात आली, दाराला कडी लावली.

"तीन दिवसांच्या होत्या ना? आज बारा दिवस झाले."

मी म्हटलं, डॉक्टरांनी वाढवून दिल्या.

"कुठल्या डॉक्टरांनी? त्यांचं गाव मागे राहिलं."

तीच चिठ्ठी दाखवून मी प्रत्येक गावात नव्या दुकानातून गोळ्या घेतल्या, ताई. दुसऱ्या दुकानदाराने चिठ्ठीवरची तारीख वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोरगी स्टेजवर गाते, तुम्ही ओळखत असाल. त्याने ओळखलं. त्याच्या मुलीसाठी सही मागितली आणि गोळ्या दिल्या.

मधली म्हणाली, "डब्यात आणखी एक कागद आहे. तो मी वाचला."

तो कागद दौऱ्याआधीचा आहे. २४ सप्टेंबर. मी धाकटीला घेऊन घशाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, घरात कोणालाच न सांगता. नळी घालून त्यांनी पडद्यावर आतलं दाखवलं. स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आणि दोघींवर समोरासमोर एकेक गाठ, साबुदाण्याएवढी. त्या म्हणाल्या, तीन महिने गाणं बंद, ओरडणं बंद, आवाजाची शिकवणी लावा, पोर आहे, आपोआप बरी होईल. आणि गायली तर? मी विचारलं. तर सांगता येत नाही, म्हणाल्या.

आठ दिवसांवर दौरा होता. ह्यांनी दुकान बंद केलं होतं. थोरल्याने परीक्षा सोडली होती. बारा शहरांत पोस्टरं लागली होती आणि प्रत्येकावर तिचा चेहरा. रिक्षातून येताना मी तिला सांगितलं, बाबांना एवढ्यात सांगू नकोस हं, दौरा झाला की आपण दोघी सांगू. ती लगेच हो म्हणाली. कसलाही हट्ट करत नाही गं ती. एकदा तरी करायला हवा होता.

म्हणजे ह्यांना काही माहीतच नाही. मी तुला लिहिलं की ते ऐकत नाहीत. त्यांना ऐकण्यासारखं मी सांगितलंय तरी काय? घसा थोडा बसलाय एवढंच.

आणि आता खरं लिहायलाच बसलेय तर तेही लिहिते. त्या दिवशी ह्यांचा स्वभाव कुठेच नव्हता. हे दुकानात होते. घरात तू आणि मी. तू म्हणालीस, हिचा गळा कच्चा आहे, पट्टी उतरव, नाहीतर हे गाणं काढून टाक. आणि मी म्हटलं, तुला स्वतःचं मूल नाही म्हणून माझ्या मुलांवर हक्क गाजवतेस, त्यांचं भलं तुला बघवत नाही. तू पर्स उचललीस. चप्पल घालताना तुझा हात भिंतीला टेकलेला होता. मी अडवलं नाही. संध्याकाळी पोरांना सांगितलं, मावशीचं आणि बाबांचं वाजलं. गेली दोन वर्षं पोरं त्यांच्यावर राग धरून आहेत आणि ते बिचारे मला विचारतात, ताईंना मी नेमकं काय बोललो असेन गं?

परवा कार्यक्रम आहे. गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात असं पाकिटावर लिहिलंय. चालू ठेवायच्या तरी किती? मधलीने मला उद्यापर्यंतची मुदत दिलीय. मी नाही सांगितलं तर ती बाबांना सांगणार.

ताई, मला कळत नाही काय करू. तू ये. फोन नको, पत्र नको, तूच ये. माझ्यासाठी नको येऊस. मला तोंड दाखवलं नाहीस तरी चालेल, मी दुसऱ्या खोलीत बसेन.


२३ ऑक्टोबर, हॉस्पिटलच्या बाकावरून

मी एकवीसला सांगितलं नाही. मधलीच्या पाया पडले, फक्त हा एक कार्यक्रम होऊ दे म्हणून. पोटच्या पोरीच्या पाया पडले आणि ती गप्प बसली. तिला मी गप्प बसवलं, हे तिच्यावर येऊ नये म्हणून लिहून ठेवते.

काल दुपारी चारला साउंड चेक होता. रिकामा हॉल, एक बाई खुर्च्या पुसत होती. धाकटीने पहिली ओळ म्हटली, ठीक होती. मग ह्यांनी मागून हात वर केला, म्हणजे शेवटचा सूर घे. तिने घेतला. एक सेकंद लागला आणि तुटला, मग नुसती हवा. तिने पुन्हा तोंड उघडलं. हवा. गळ्याला हात लावून तिने आधी माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे.

मी पाणी दिलं. काय उपयोग!

पाच वाजता दारं उघडली. मेकअपच्या खोलीत आम्ही सगळे आणि आयोजक. भिंतीपलीकडे लोक जमल्याचा तो गोंगाट. आयोजक वाईट माणूस नाही, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. म्हणाला, "ट्रॅक आहे ना रेकॉर्डिंगचा? तो लावू. तिने नुसते ओठ हलवायचे. मोठमोठे लोक करतात."

थोरला म्हणाला, "मी वाजवणार नाही."

ह्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि गुडघ्यावर बसून धाकटीला विचारलं, "करशील बाळा? नुसते ओठ?"

तिने मान डोलावली, म्हणजे हो. मी रिक्षात सांगितल्यावर डोलावली होती तश्शीच, आणि वर हसली. ताई, ती "नाही" म्हणाली असती तर कदाचित मी अजूनही गप्प राहिले असते. समजूत घातली असती, चॉकलेट दिलं असतं, वेळ मारून नेली असती. पण ते हसू मला बघवलं नाही. मी खाली बसले आणि बोलायला लागले. डॉक्टरीणबाई, कागद, गाठी, गोळ्या, केळी, दुकानं. तुझंही. सगळं. आयोजक ऐकतोय ह्याचंही भान नव्हतं.

माझं संपलं तरी हे गुडघ्यावरच होते. मला वाटलं ओरडतील. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता.

ते म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"मी रोज हात वर करत होतो, अजून वर, अजून वर. आणि तुला ठाऊक होतं."

मग उठले. जमिनीवर माइकची एक वायर पडली होती, ती उचलून कोपराला वळसे देत गुंडाळायला लागले, दुकानात गुंडाळायचे तशी, एकावर एक नीट. गुंडाळून झाली. पुन्हा सोडली. पुन्हा गुंडाळली. मग आयोजकाला म्हणाले, "मला स्टेजवर जायचंय."

त्या माणसाने आयुष्यात कधी माइकसमोर तोंड उघडलेलं नाही. लग्नात दोन शब्द बोला म्हटलं तर मांडवातून पळाले होते, तुला आठवत असेल. काल गेले. मी पडद्याआडून ऐकलं. म्हणाले, "नमस्कार. मी मुलांचा बाप. धाकटीचा आवाज गेलाय. आज कार्यक्रम होणार नाही, पुढचेही होणार नाहीत. चूक आमची आहे, आई-बापांची."

आमची म्हणाले. माझी म्हणायला हवं होतं.

मग कोणीतरी शिट्टी मारली, कोणी शिव्या दिल्या, कोणी बाटली फेकली. हे तिथेच उभे राहिले, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत.

डाव्या स्वरतंतूत रक्त उतरलंय, असं इथले डॉक्टर म्हणाले. गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत, ती भूक, ती जागरणं त्यांचीच; त्या टप्प्याटप्प्याने कमी करायच्या आहेत. दोन आठवडे तिने एक शब्दही काढायचा नाही, कुजबूजसुद्धा नाही. आवाज परत येईल का, विचारलं. बोलायचा येईल, म्हणाले. गाण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी पेनाची कळ दाबली, सोडली, दाबली.

ती आत झोपलीय. हे तिच्या उशाशी आहेत. मला आत जायला कोणी मनाई केलेली नाही, तरी मी बाहेरच बसलेय.


९ नोव्हेंबर, घरी

ताई,

तुझं पत्र परवा आलं. धाकटीच्या नावाने. जाडजूड होतं. माझ्यासाठी त्यात वेगळा कागद असेल असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी पाकीट न उघडता तिच्या हातात दिलं.

ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. दोनदा वाचलं. मध्ये कुठेतरी हसली, खांदे हलले, आवाज नाही. काय होतं त्यात, मला माहीत नाही. वाचून झाल्यावर तिने ते फ्रॉकच्या खिशात घातलं आणि तेव्हापासून खिसा बदलतो, पत्र तेच.

तुला इथलं कळवते. काल तपासणी झाली. रक्त जवळजवळ विरलंय, गाठी आहेत. आणखी दोन आठवडे गप्प राहायचं, मग आवाजाच्या शिकवणीला जायचं. वरचे सूर येतील असं कोणी म्हणत नाही. गोळ्यांनी चेहऱ्यावर आलेली सूज उतरली. पाटीवर लिहून बोलते आणि इतकं भरभर लिहिते की आम्हाला वाचायला वेळ लागतो. परवा मी सवयीने विचारलं, "दूध घेशील ना?" तर पाटीवर मोठ्या अक्षरांत "नको" लिहिलं. पुसलं नाही. तशीच पाटी टेबलावर ठेवून गेली. मी दूध परत पातेल्यात ओतलं.

थोरला परीक्षेला बसणार आहे. मधली माझ्याशी बोलते, गरजेपुरतं. ह्यांनी दुकान उघडलं. माझ्याशी ते मीठ संपलं, गॅस आला, एवढंच बोलतात. रागावून बोलले असते तर बरं होतं. पोरांना मी खरं सांगितलं, तू का गेलीस ते. थोरला उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसला.

आज सकाळी धाकटीने पाटीवर लिहून पाकीट आणि तिकीट मागितलं. तुला उत्तर लिहिलं तिने, चार पानं. पाकीट स्वतः चिकटवलं, वरून दोनदा हात फिरवला आणि स्वतःच पेटीत टाकून आली. माझं पत्र तिच्या पाकिटात घालू का, असं मी विचारणार होते. नाही विचारलं. म्हणून हे वेगळं.

दुपारी हे जेवायला आले. पानावर बसल्यावर म्हणाले, "ताईंना काय लिहिलंय तिने?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

त्यांनी घास मोडला. मग म्हणाले, "बरं केलंस." सतरा दिवसांत मीठ आणि गॅस सोडून पहिल्यांदाच काही बोलले.

तुझी क्षमा मागायला शब्द शोधत होते, सापडले ते सगळे मी आधी कामं काढून घ्यायला वापरलेले आहेत. म्हणून मागत नाही. येण्याची विनंतीही करत नाही. मला उत्तर लिहू नकोस, ताई. तो वेळ तिला लिहिण्यात घालव. तुझं पत्र आलं की ते कुणाच्या नावाचं आहे हे बघून मी तिच्या हातात देईन, आणि ती वाचत असेल तोवर त्या बाजूला फिरकणार नाही.

तुझी बहीण